तिसरी हाक

योगिनी : रागावले नाही हो काका. पण चाळीस मिनिटं यंत्रात होतात आणि बटण एकदाही दाबलं नाहीत. कानात आवाज आला की दाबायचं, एवढंच तर काम होतं.

गुणाजी : पुरा आला नाय, तर दाबू कसा?

चिमा : नीट सांगा की डाक्तरीण बायला. पुण्यावरनं आलीय ती तुमच्या डोक्याचे फोटो काढायला.

योगिनी : हे बघा, हा तुमचा मेंदू. खोलीत कुणीच बोलत नव्हतं, तरी ऐकण्याचा भाग उजळलाय. कुणी खरंच बोलावं तसा. आणि दर वेळी दोनदाच.

गुणाजी : बरोबर हाय. दोनच हाका मारतो.

योगिनी : कोण?

गुणाजी : सर्वेश. माझा धाकला भाव.

योगिनी : मग दोनदा दाबायचं होतं ना!

गुणाजी : तिसरी आल्याशिवाय ओ देत नाय आमच्यात.

योगिनी : ते तर रात्रीबेरात्रीचं, भूत दोनदाच हाक मारतं म्हणून. माझी आजीही सांगायची.

गुणाजी : मला दिवसाही तेच. विसाव्या वर्षापासून माणसं बोलतात कानात. शिव्या घालतात, हसतात. तेव्हा आयेनं सांगितलंन, गुण्या, खरा माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, तोवर गप ऱ्हा. त्याच्यावर निभावलं सगळं. लगीन झालं, होडी चालवली. कोणाला कळलं पण नाय.

योगिनी : हुशार होत्या तुमच्या आई.

गुणाजी : व्हय, हुशार. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर वेळणेश्वरासमोर जाळं टाकलं होतं. मी इंजिनापाशी, सर्वेश मागं. ‘दादा’ म्हणून हाक मारलीन. परत मारलीन. मी तिसरीची वाट बघत ऱ्हायलो. मागं वळलो, तर होडीत मी एकटाच.

योगिनी : काका...

चिमा : तेव्हा कुठं आमाला कळलं. डाक्तरानं गोळ्या दिल्या, पण त्यांना हात लावत नायत.

गुणाजी : गोळ्यांनी तो गप झाला तर? त्याची एक हाक ऱ्हायलीय अजून.

योगिनी : काका, तो आवाज तुमच्यातूनच येतो. हा बोलण्याचा भाग. आधी हा उजळतो, मग ऐकण्याचा. तुम्हीच बोलता आणि तुम्हीच ऐकता. आता परत आत जा आणि पहिल्याच हाकेला बटण दाबा. ती कुठून निघाली ते फोटोत दाखवते. पटलं तर गोळ्या सुरू करू.

गुणाजी : पैल्याच हाकेला... बरं. बघतो.

(गुणाजी आत गेला. यंत्राची खटखट सुरू झाली, थेट होडीच्या इंजिनासारखी. काचेअलीकडे बसलेल्या चिमाला ती ऐकवेना.)

चिमा : बाय, बंद कर ते.

योगिनी : का हो काकी?

चिमा : त्यांच्यासमोर बोलले नाय. रोज जेटीच्या टोकाला जाऊन बसतात. म्हणतात, तिसरी आली की ओ देणार. आणि ओ दिली की त्याच्यामागं जायला लागतं. तू तर त्यांना पैल्याच हाकेला ओ द्यायला सांगितलंस.

योगिनी : अहो, बटण म्हणजे काही ओ नव्हे.

चिमा : तुझ्यासाठी नव्हे.

योगिनी : हे मला आधी सांगायला हवं होतं. थांबा, बाहेर काढते त्यांना. काका, ऐकू येतंय? आपण थांबतोय. बटण दाबू नका.

गुणाजी : दाबलं.

योगिनी : कधी?

गुणाजी : आत्ताच. ओ दिली त्याला.

चिमा : अहो, मी हाय इथं. मी, चिमा.

योगिनी : दुसरी हाक आली का, काका?

गुणाजी : नाय. आता हाक नाय मारत. बोलतोय. इचारतो, एवढा वेळ का लावलास.

चिमा : काय बोलू नका त्याच्याशी! उठून या तुम्ही!

गुणाजी : चिमा, काय सांगू गो त्याला?