मेसेजचे पैसे

दोन बँकांचं लग्न लागलं आणि हुंडा मात्र खातेदारांकडून वसूल व्हायला लागला, असं अलकाबाई शाळेत इतर शिक्षिकांना चिडून सांगायच्या. आजही त्या तापीकडच्या शाहपूरच्या शाखेत, विलीनीकरणानंतर खात्यातून कटणाऱ्या पैशांवरून भांडायला आल्या होत्या. रांगेत त्यांच्या पुढे भाईदास होता, विधवा वहिनीला, मथुराबाईला, घेऊन आलेला.

“साहेब, वहिनीच्या खात्यातून पैसे कशाचे कटतात?”

“मेसेजचे, काका. खात्याची खबर मोबाइलवर जाते ना, त्याचे.”

“हिला तर मोबाइल वापरताच येत नाही!”

“नंबर जितेंद्रच्या नावाचा आहे. कोण हा?”

“हिचा पोरगा. पोळ्याला बैल धुवायला गेला आणि तापीत बुडाला.”

“अरेरे... मावशी, नंबर आत्ताच काढून टाकतो. अर्ज द्या, कटलेले सारे पैसे वापस मिळतील.”

“नको, बाबा.”

“वहिनी, आपल्या हक्काचे आहेत!”

“असू दे. त्याचा फोन मी रोज चार्जिंगला लावते. शेजारणीकडून रिचार्जही मारून घेते.”

“कशाला पण?”

“पैसे कटले की तो वाजतो, भाऊजी. जितूनंच लावलेली धून आहे. बँकेशिवाय त्याला आता कोण काही पाठवतं?”

मागून अलकाबाईंना कोणीतरी म्हणालं, “मॅडम, पुढे सरका.”