तुझ्या हातानं फोड, मामी

माझं नाव सुमन, पण पेठेत सगळी आक्काच म्हणत्यात. आधीच सांगून ठेवतो पावणं, आमच्याकडं बाईमाणूस बी मी आलो, मी गेलो असंच बोलतंय, तुमी लिवताना ते नीट करायला जाऊ नका, नीट केलंसा तर ती बाई मी न्हवंच. माझं माहेर हुपरी. हुपरीत घराघरात चांदीचं काम, तसं आमच्यात बी होतं, म्हंजे चांदी दुसऱ्याची आणि हात आमचं. आण्णा पैंजण करायचा, आई आणि आमी बहिणी कड्या जोडत बसायचो. कडी वाकडी बसली की आण्णा हातातला चिमटा तसाच बोटावर हाणायचा, गरम असला तरी हाणायचा. हे बघा, ह्या बोटाचं नख अजून सरळ उगवत न्हाय. बहिणी रडायच्या, मी न्हाय रडायचो, मी आण्णाकडं बघत पुढची कडी बसवायचो, मग त्याचा राग आणखी चढायचा. असं घर. पण हाताला बारीक काम लागलं ते तितंच लागलं, ते कसं नाकारू.

लगीन करून आलो हितं मंगळवार पेठंत. मालक, म्हंजे माझा नवरा, टेम्पो चालवायचं. माणूस तसा वाईट न्हवता असं लोक म्हणत्यात, पण लोकास्नी काय, लोकांच्या पाठीत त्यांनी पट्टा थोडाच घातलाय. भाजीत मीठ कमी, मार. टेम्पो पंक्चर, मार. टेम्पोचं चाक आणि माझी पाठ ह्यांचा काय संबंध सांगा की मला. दीपाली पोटात असताना बी मारलं. लेक झाली तवा सासूनं तोंड वाकडं केलं, मी मात्र लेकीला छातीशी धरून मनात म्हटलं, बाई, तुला कुणी हात लावला तर मी त्याचा हात ठेवणार न्हाय. बोललो ते बोललो, पण वरचा ऐकत असतोय बघा.

मग कामाला लागलो भंगाराच्या गोडाऊनात. आमचं शेठ जुनी कॉम्प्युटरं घ्यायचं, हापिसातली, दवाखान्यातली, बँकेतली. बाकीच्या बायका वायरी सोलायच्या. मला शेठ म्हणाले, सुमन, तू हार्डडिस्का बघ. आता हार्डडिस्क म्हंजे काय, तर पेढ्याच्या बॉक्सएवढी लोखंडी डबी, जड. कॉम्प्युटरात जे जे ठेवलंय ते सगळं त्या डबीत ऱ्हातंय, लग्नाचं फोटो, पगार, लफडी, सगळं. कॉम्प्युटर फुटला तरी डबी शाबूत असली की आतलं सगळं शाबूत. म्हणून हापिसवाली माणसं सोबत यायची, आमच्यासमोर फोडा म्हणायची, आणि मी फोडेपर्यंत डोळ्याची पापणी हलवायची न्हाईत. आमच्या गोडाऊनाची रीतच ती, ज्याची डबी त्याच्या डोळ्यांदेखत फोडायची.

आधी दोन घाव कोपऱ्यावर. मग चांदणीच्या डोक्याचं स्क्रू काढायचं, झाकण उचकटायचं, आत गोल चकत्या असत्यात, आरशागत लखलखीत. त्या वाकवल्या, चेपल्या की काम फत्ते. लॅपटॉपातल्या काही काचेच्या असत्यात, त्या घाव बसला की बांगड्या फुटल्यावाणी फुटत्यात, डोळा सांभाळाय लागतोय. काय सांगू तुम्हाला, मला ते काम लई आवडलं. दिवसभर हाणायचं आणि कुणी काय म्हणायचं न्हाय! घाव घालताना कुणाकुणाची तोंडं डोळ्यापुढं यायची ते न्हाय सांगत, त्यातली दोघं तर वर गेल्यात.

मालकास्नी एकदा मी म्हटलं, या की माझं काम बघायला. आलं बिचारं. शेठनी चहा पाजला. मी त्यांच्यासमोर बसून फोडत ऱ्हायलो, एकामागनं एक, त्यांच्याकडं बघतच ऱ्हायलो. चहा तसाच ठेवून गेलं ते. त्यानंतर शिव्या दिल्या, पण हात न्हाय उचलला कधी. पुढं दारूनं लिव्हर गेलं आणि त्यांचं सुटलं.

तर मी म्हणत होतो चकत्यांचं. एवढी चमकणारी वस्तू भंगारात फेकाय जीव होईना, हुपरीची की मी. ज्या डबीसोबत हापिसवाला आलेला न्हाय ती शेठना इचारून अख्खीच घरी आणायचो, चकती धड निघती. घुंगरं अडकवून दारावर लावायला झुंबरं केली, घड्याळं केली, चकती मध्ये आणि काटं वर. आतलं लोहचुंबक लई ताकदीचं असतंय, ते पेठंतल्या टेलरास्नी दिलं, सांडलेल्या सुया गोळा करायला. आणि बेंदूर आला की गावाकडनं माणसं येत्यात, आक्का बैलाच्या कपाळाला चकती पायजे. मध्ये भोक असतंयच, रेशमाचा गोंडा ओवायचा, बैल मान हलवतोय आणि उन्हात लखकन चमकतंय. माणसं म्हणत्यात, चांदीची हाय का? मी म्हणतो व्हय, बँकेतली हाय.

दीपाली माझ्या मांडीजवळ बसून वाढली. पेन धरायच्या आधी स्क्रूड्रायव्हर धरला पोरीनं. बारावी केली, दिसायला माझ्यापरीस शंभरपट चांगली. स्थळ आलं कबनूरचं, महेश त्याचं नाव, स्वतःचं कापडाचं माग, थोरला भाऊ आणि हा मिळून शेड चालवायचं. पोरगं बैठकीत मान वर करून बोललं न्हाय, मला वाटलं गरीब हाय. तुमी कधी कबनूरला गेलायसा का? सगळीकडं मागाचा खट्याखट, रात्रंदिस, शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते ऐकाय येत न्हाय. तेच त्यानं हेरलेलं. घरात मारलं तर शेजारीपाजारी ऐकत्यात, म्हणून बायकोला तो शेडात न्यायचा. बारा माग चालू, त्यात पोरगी किंचाळली तर कुणाला ऐकाय जाणार? मागाच्या दांड्यानं मारायचा. मला फोनवर म्हणायची, बरी हाय आई. आवाजावरनं मला वास यायचा, मी म्हणायचो ये निघून, ती म्हणायची बघतो की आई, थांब जरा.

आता बघा कशी गंमत. कामगार कापड चोरत्यात म्हणून त्यानंच शेडात कॅमेरे लावलेलं. कॅमेऱ्याचा डबा शेडातल्या कोपऱ्यात, आणि त्या डब्यात काय असतंय? हार्डडिस्क. त्याला वाटायचं कॅमेरा कामगारांसाठी हाय, बायको काय कामगार न्हाय.

एका सकाळी लई मारलं. डोसकं फुटलं, टाळूपासनं कानापर्यंत. तो भावाला घेऊन सुताचा माल बघायला गेला. आणि माझी लेक, रगत गळतंय, एका डोळ्यानं दिसत न्हाय, त्या डब्याजवळ गेली, स्क्रू काढलं, हार्डडिस्क ओढून काढली, डबा परत होता तसा बंद केला, त्याचा दिवा चालूच ठेवला. टीव्हीवर चित्र दिसतच होतं, फक्त आत काय साठत न्हवतं. डबा पीं पीं करत होता म्हणं, पण मागाच्या आवाजात कोण ऐकतंय? कामगारांनी बघितलं, एकानं बी तोंड उघडलं न्हाय, एका बाईनं तेवढा स्वतःचा पदर फाडून डोसक्याला बांधला. तशीच एसटीत बसून आली. दारात उभी ऱ्हायली आणि पिशवी पुढं केली, म्हणाली, आई ही फोडू नगंस हं.

दवाखान्यात टाकं घातलं, ठाण्यात तक्रार लिवली. हार्डडिस्कचं आमी बोललो न्हाय. शेठ म्हणाले, त्याच्या भावाची कुठवर ओळख हाय कुणाला ठावं, आधी तिची कॉपी काढू, मग सायबाच्या हातात देऊ, उद्या माझा पुतण्या येतोय तो काढंल. मी म्हटलं बरं. घरात झुंबराच्या कामासाठी डिस्कांचं पोतं असतंयच, त्यातच टाकली, डिस्कांत डिस्क, कोण ओळखणार? तिकडं पोलीस शेडात गेलं, तर ह्या शहाण्यानं डबा आधीच मोडून ठेवलेला, म्हणाला शॉर्ट झाला सायेब. हवालदारानं उघडून बघितलं आणि म्हणाला, अरे ह्यात डिस्कच न्हाय. तवा त्याची ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दोघं भाऊ दारात. शेजारची सगळी जोतिबाला गेलती. थोरल्यानं आत येऊन कडी घातली. महेशनं दीपालीला अंथरुणातनं केसाला धरून ओढली, टाक्यावरनंच धरली, पट्टी लाल झाली माझ्यासमोर. म्हणाला, कुठं हाय? मी म्हटलं काय? त्यानं पोतं बघितलं, लाथ मारली, सगळ्या डिस्का घरभर. बघितल्या उचलून उचलून, सगळ्या सारख्याच. मग हसला. आमच्याकडं जावई सासूला मामीच म्हणतोय. म्हणाला, मामी, तुझा धंदाच हाय न्हवं, बस खाली, तुझ्या हातानं फोड, सगळ्या फोड, एक बी ठेवू नगंस, न्हायतर हिचं डोसकं हितं फरशीवर फोडतो.

बसलो. काय करणार! हातोडा घेतला आणि फोडाय लागलो. तो दीपालीला धरून माझ्या शेजारी उभा, थोरला दाराशी. मी एक फोडायचो, बाजूला टाकायचो, तो म्हणायचा पुढची. एक काचेची फुटली, तुकडा माझ्या गालात घुसला, रगत हनुवटीवरनं गळाय लागलं, पुसाय हात उचलला तर म्हणाला पुसू नगंस, फोड. पोरगी रडत बी न्हवती. घामानं दांडा निसटाय लागला, आणि तशात ती हाताला आली. मला लगेच कळलं. तिच्या स्क्रूच्या भोकांत कबनूरचा कापूस बसलेला, पांढरा, मागाच्या शेडातला बारीक भुसा. त्याच्या नाकाखाली होता, पण जलमभर कापसात ऱ्हायलेल्या माणसाला कापूस दिसतोय कुठं!

दीपालीनं बी वळखली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, फोड आई. म्हणजे जीव वाचवायला म्हणाली ती, नको मला न्याय न् बियाय, तू फोड आणि सुटू. पावणं, लेकीनं एवढा मार खाऊन, एवढं रगत गळत आणलेलं, ते माझ्याच हातानं चेपायचं? हातोडा वर उचलला. तो वाकून बघाय लागला. आणि मी घातला, त्याच्या पायावर. चप्पल होती, अंगठ्यासकट चेपली. तो गुरागत ओरडला, हात सुटला, त्या हाताच्या मनगटावर दुसरा घातला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

थोरला माझ्या अंगावर आला, गळा धरला, भिंतीला टेकवलं, डोळ्यापुढं काळं आलं. आणि मग खाडकन आवाज. दीपालीनं हाताला आलं ते उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. दात पडलं, झुंबराच्या घुंगरात गेलं, नंतर झाडताना सापडलं. तो पडला. पोरगी उभी, टाकं तुटलेलं, पदर रगतानं भिजलेला, आणि तिच्या हातात तीच डिस्क. कापसाची. एक कोपरा चेपलेला. दोघी त्या डिस्ककडं बघत बसलो, ते दोघं खाली कण्हत होतं तिकडं लक्षच न्हाय.

मग मी शेठना फोन लावला, ते पुतण्याला आणि पोलिसास्नी घेऊनच आलं. पुतण्यानं जोडली तवा ती टक टक करत होती. मला तो आवाज ठावं, मरणाऱ्या डिस्कचा असतोय. मी सगळ्या देवांची नावं घेतली, अंबाबाईला ओटी बोलली. थांबली. पुन्हा जोडली. पुन्हा टक टक, आणि मग सुरू झाली. सगळं न्हाय आलं, तुकडा आला, पण त्या सकाळचा आला. पुतण्या म्हणाला आक्का तुमी बघू नका. मी म्हटलं सरक. एवढी वर्सं डबड्या फोडल्या, आत काय असतंय ते कधी बघितलं न्हवतं. पहिल्यांदा बघितलं ते माझ्या लेकीला मारताना बघितलं. आवाज न्हाय त्याला. माग चाललेत, दांडा खाली येतोय, वर जातोय. मग तो गेला, ती उठली, लुगडं नीट केलं आणि वर कॅमेऱ्यात बघितलं. सरळ. माझ्याकडंच बघितलं तिनं. तवा मी रडलो, आण्णाच्या चिमट्याला रडलो न्हवतो तो तवा रडलो.

आता केस चालू हाय. त्याची आमच्यावर बी हाय, हाडं मोडली, दात पाडलं म्हणून. वकील म्हणतोय आक्का तुम्हाला शिक्षा लागू बी शकती. दीपाली हितंच असती, माझ्यासमोर बसून डिस्का फोडती, तिचा हात माझ्यापरीस जलद हाय. टाक्याच्या जागी केस उगवलं न्हाईत, पण ती झाकत न्हाय. गेल्या महिन्यात पाच माणसं आलती कबनूरची, चांगली इस्त्रीची कापडं घालून. म्हणाली, तुमची तुमी मागं घ्या, आमची आमी घेतो, आक्का ह्या वयात कशाला जेलात जाताय. दीपाली चहा करत होती, ती स्टोव्ह बंद करून माझ्याकडं बघाय लागली. तिचा चेहरा उतरला, मला कळलं ही माझ्यासाठी मागं घेणार. मी त्यास्नी म्हटलं, पावणं, चहा घ्या आणि जावा. मी जातो आत. त्यानं बी जायचं. एकाच गाडीतनं न्यायला सांगा सायबाला, मी त्याच्या शेजारी बसतो.

ती माणसं चहा न घेताच गेली. तुमी घ्या पावणं, गार झाला बघा बोलण्यात. तुमच्या घरात लेक हाय म्हणालासा न्हवं? सुखात ऱ्हाऊ दे लेकरू, तिला कुणाचं बोट लागू नये. आणि लागलंच तर पावणं, बघतो की थांब जरा, असं तिला म्हणाय लावू नका.