लिनबाईंना एक पाऊल हलवायचं होतं

नाही, मला एक सांगा, मागून येऊन कानाशी कुणी "रिलॅक्स!" म्हटलं तर माणूस रिलॅक्स होतो की दचकतो? दचकतो ना? मग! तरी दर शनिवारी सकाळी, बॉटनी या आमच्या उपनगरातल्या लायब्ररीमागच्या हिरवळीवर, मिसेस लिन, ताई ची या संथ चिनी व्यायामाच्या आमच्या बाई, उंची माझ्या खिशापर्यंत, वय विचारायची कुणाची हिंमत नाही, मांजरीच्या पावलानं येतात, माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवतात आणि म्हणतात, "धम्मपाल, यू आर नॉट रिलॅक्स." मी म्हणतो, मी रिलॅक्सच आहे! अहो, नाव धम्मपाल आहे माझं, नागपूरचा आहे मी, शांती आमच्या घरची आहे! तर म्हणतात, "युअर शोल्डर इज इन युअर इअर."

आता तुम्ही म्हणाल, गेलासच कशाला? अहो, मी फार्मसिस्ट! अख्ख्या बॉटनीला पाठदुखीच्या गोळ्या देतो, आणि एक दिवस जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, घालायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो! फिजिओ म्हणाला, "मेट, ताई ची ट्राय कर, स्वीट ॲज." स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त! त्याच्या बापाचं काय जातं! मला वाटलं, हळूहळू हात हलवायचे, म्हाताऱ्यांचं काम, मी तर झोपेत करीन. तुम्हाला सांगतो, हळू हलणं हा जगातला सगळ्यात भयंकर प्रकार आहे! डोकं वरून दोरीनं टांगलंय असं समज. बरं, समजलो. तळपायातून जमिनीत मुळं गेलीत असं समज. म्हणजे वरून टांगलेलाही आणि खालून उगवलेलाही! वर एकेका हालचालीची नावं काय, तर चिमणीची शेपटी धर, घोड्याची आयाळ विंचर, हातांचे ढग कर… आणि हे सगळं एका पायावर! समोर एक पुकेको, तो निळा, लाल चोचीचा इथला पक्षी, तोही एका पायावर उभा आणि माझ्याकडे बघतोय. तो हलत नाही. मी हलतो. "रिलॅक्स, धम्मपाल." मी रिलॅक्सच आहे!

तरी हे सगळं मी सहन केलं असतं. पण आली आई.

आई, कलावतीबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली, आणि दुसऱ्याच महिन्यात खिडकीशी बसून म्हणते, "काहून रे धम्मा, इथं माणसं नाई राहत का?" मी म्हटलं, राहतात की, हीप्स राहतात, ढिगानं. "मंग दिसून काहून नाई राहिले? अख्ख्या दिवसात एक कुत्रं गेलं, तेही पट्ट्यात." आणि फोन लावला मोरेश्वरमामाला. मामाचं तिकडे तिकिटांचं ऑफिस. "मोरू, माझं तिकीट अलीकडचं कर."

घरी गेल्यावर कुकरची शिट्टी ऐकायची सवय लागली होती हो मला! मी काय काय नाही केलं! बीचवर नेलं. म्हणाली, "पाणी चांगलं आहे." मॉलमध्ये नेलं. "फरशी चांगली आहे." शेवटी म्हटलं, आई, ताई चीला चल, तिथे बायका आहेत तुझ्या वयाच्या, आमच्या बाईंना तर आजपर्यंत कुणी एक पाऊल हलवू शकलेलं नाही. आई म्हणाली, "तू हलवून दाखव. हलवलं तर राहते. नाई तर गुरुवारी मी चालली."

बघा! आईला थांबवायचं, तर एका आजीला ढकलायचं! हे संस्कार!

आता ढकलायचं म्हणजे ते रीतसर असतं बरं का. पुश हँड्स म्हणतात त्याला. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं, गोल गोल फिरवत राहायचं, आणि हळूच समोरच्याचा तोल घालवायचा. ज्याचा पाय हलला तो हरला. शनिवारी आई बाकावर, मांडीवर स्टीलचा डबा. डबा कशाला? तर, "पहिल्यांदा कोणाकडे रिकाम्या हातानं जातेत का?" आत सांबारवडी, आमची कोथिंबिरीची. मी म्हटलं, आई प्लीज, इथे असं नसतं.

मी उभा राहिलो. मनगट लावलं. समोर ही एवढीशी बाई, वजन असेल आपल्या सुटकेसएवढं. म्हटलं, सॉरी हं मिसेस लिन, माझ्या आईचा प्रश्न आहे, आणि दिला रेटा! तुम्हाला सांगतो, मी रेटा दिला तिथे त्या नव्हत्याच! म्हणजे होत्या, तिथेच, हसत, पण रेट्याला काही लागलंच नाही, जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून आपण पाय टाकतो ना, तसं… आणि मी थेट फ्लॅक्सच्या झुडपात! एक जँडल मागे, पुकेको बाजूला. झुडपात आवाज आला, "नॉट रिलॅक्स." मी रिलॅक्सच आहे! पडलोय फक्त!

आई उठली. मला उचलायला? छे! डबा घेऊन मिसेस लिनकडे. "घ्या न जी, लिनबाई." मिसेस लिन हसून म्हणाल्या, "नो नो, टू काइंड," आणि तळहातानं डबा अलगद परत लोटला. झालं! मनगटाला मनगट लागलं!

मंडळी, आईनं ढकललं नाही. हेच तर बघा! आईनं फक्त डबा मागे घेतला नाही. लिनबाईंचा हात डावीकडे, डबा डावीकडे. हात वर, डबा वर. "थोडंसं घ्या." "नो नो." "एकच घ्या." "नो नो." मिसेस लिननी हातांचे ढग केले, डबा ढगांतून आला! चिमणीची शेपटी धरली, शेपटीला डबा! त्यांनी जन्मभर जोर करणाऱ्यांना झुडपात घातलं, पण "माझी शपथ आहे तुम्हाला" म्हणणारी बाई त्यांना भेटलीच नव्हती! सगळा क्लास थांबला. माझ्या शेजारी उभे राहणाऱ्या मिस्टर वूंनी थर्मासचं झाकण तोंडाशी नेलं ते तसंच राहिलं. आणि मग… मिसेस लिनचा उजवा पाय… मागे! एक पाऊल! दुसरं! धप्पकन बाकावर बसल्या, आणि डबा मांडीवर! झाकणसुद्धा उघडलं नाही हो!

त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला. मग मला म्हणाल्या, "सी? युअर मदर इज रिलॅक्स."

मी उड्या मारत म्हटलं, आई, पाय हलला, आता राहायचं! आई म्हणाली, "हलवलं कोणं? मी. तू तर झुडपात होता. गुरुवार म्हंजे गुरुवार."

नेहमीचंच!

पण बुधवारी बेल वाजली. दारात मिसेस लिन. हातात आमचा डबा, घासूनपुसून लख्ख, आणि आत गच्च डम्पलिंग. आईनं झाकण उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. मी विचारलं, काय झालं? "अरे, भरून दिला न तिनं! आता रिकामा कसा वापस करू?" फोन मामाला. "मोरू, थांब जरा. डबा माझ्याकडे आहे."

शनिवारी डबा भरून गेला. मी मुद्दाम साळसूदपणे म्हटलं, आई, आता डबा तिकडे, तू मोकळी. "मोकळी कशी? डबा सोडून जाऊ? तुझ्या बाबांनी घेतलेला आहे तो, नाव आहे त्याच्यावर!" आणि मिसेस लिनच्या घरी तरी काय वेगळं? त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत करणं म्हणजे अपमान! डबा इकडे, तरी आई अडकली. डबा तिकडे, तरी अडकली. मामा रोज विचारतो, "ताई, तिकिटाचं काय करू?" मी फोन घेऊन सांगतो, मामा, रिलॅक्स.

आता माझीच अक्कल बघा. मला वाटलं, एखाद्या वेळी डबा चुकून रिकामा आला तर? रिस्क नको. म्हणून मी गुपचूप दुसरा डबा आणला, त्यावर पण बाबांचं नाव घालून घेतलं, आणि दिला त्या फेऱ्यात सोडून! आता एक डबा जातो तेव्हा दुसरा येतो. आई हसते, मिसेस लिन हसतात, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि तासभर बोलतात. सगळं उत्तम! फक्त एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

अहो, दोन्ही डबे खाणार कोण?

काल जेवताना आईनं सहावी पोळी पुढे केली. मी म्हटलं, नको. हात आडवा धरला. मनगटाला मनगट लागलं… आणि मी बघतो तर पोळी पानात, तूप पोळीवर, आणि मी फ्रिजला टेकलेलो!

आई म्हणाली, "रिलॅक्स, धम्मा."

मी रिलॅक्सच आहे हो. पँट तेवढी टाइट आहे.