पाण्याच्या वेळी गल्लीची लाईन बंद केली त्याबाबत

पोलीस ठाणे बेलसावंगी, जि. वाशिम
दि. १४ मे २०२५

मी रामराव नारायण गाभणे, वय ७६ वर्षे, धंदा भाजीपाला पिकवून विकणे, राहणार बाजारामागची गल्ली, बेलसावंगी, समक्ष ठाण्यात येऊन सांगतो की,

आमच्या शाळेच्या अंगणातल्या नळाला पाणी येण्याआधी हवा यायची. आधी सुस्कारा, मग खोकला, मग पाणी. आम्ही चौथीत नदीची कविता म्हणत असू. तो आवाज आला की गुरुजी हात वर करून कविता थांबवायचे. सगळा वर्ग कान देऊन ऐकायचा. बादलीत धार पडली की थांबलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू. जबाब लिहिणारे हेड कॉन्स्टेबल प्रेमसिंग म्हणतात, "बाबा, कविता ठेवा बाजूला, घटना सांगा." घटना इथूनच सुरू होते. त्या नळाला मोटर नव्हती. हे लिहा.

विद्यापीठाचं केंद्र आलं आणि गावाचं शहर झालं. जिथे आमचे वांग्याचे वाफे होते तिथे होस्टेलं उभी आहेत. माणसं वाढली, पाइप तोच. नळ आठवड्यातून एकदा येतो, तासभर. तेवढ्या वेळात लोक नळाला मोटर जोडून पाणी ओढून घेतात. गल्लीच्या टोकाला रुपाबाई एकटी राहते. बाजारात ती माझ्या बाजूला बसून मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकते. तिच्या नळातून सुस्कारा येतो, खोकला येतो, पुढे काही येत नाही.

होळीनंतर ती मळ्यातल्या विहिरीवरून घागर आणताना पडली. उजवा हात मोडला. आता ती सांबाराच्या जुड्या दातांनी बांधते. गिऱ्हाइकं ते पाहून दुसरीकडे जातात. हे पाहून मला राग आला. प्रेमसिंग यांनी या ठिकाणी "वाईट वाटले" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. राग आला असंच लिहावं.

मी नगरपरिषदेत अर्ज दिला, की पाणी सुटेल तेवढा वेळ गल्लीची लाईन बंद ठेवा, म्हणजे मोटर चालणार नाही. तिथले साहेब म्हणाले, लाईन आमची नाही, वीजवाल्यांकडे जा. वीजवाले म्हणाले, नगरपरिषदेचं पत्र आणा. पुन्हा गेलो तर साहेबांनी भिंतीवरचा नव्या टाकीचा नकाशा दाखवला. निळ्या रंगात फार सुंदर काढला आहे. मी त्यांना विचारलं, "ह्या नकाशातून रुपाबाईची घागर भरते काय?" त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी घरी आलो.

आज सकाळी नळ सुटण्याच्या वेळी मी घरून खुर्ची नेली. गल्लीच्या विजेची डीपी रुपाबाईच्या घरासमोर आहे. पेटीला कुलूप नसते. मी मेन स्विच खाली केला आणि पेटीला पाठ लावून बसलो. मला कोणी चिथावलं नाही, कोणी सोबत नव्हतं. गल्लीतली भुणभुण थांबली. थोड्या वेळानं रुपाबाईच्या नळातून सुस्कारा आला, खोकला आला, आणि मग घागरीत धार पडली. थांबलेली ओळ मी मनातल्या मनात पुढे म्हटली.

तेव्हा फिर्यादी शालिकराम आले. यांचं होस्टेल माझ्या घराला लागून आहे. ते म्हणाले, "रामकाका, म्हातारपणी वायरमन झाले काय? पोरायचे पेपर हायेत, आंघोळीले पाणी नाही."

मी म्हटलं, "रुपाबाईचेबी पेपरच चालू हायेत. चाळीस वर्षांपासून."

ते म्हणाले, "माह्याच मोटरवर काहून डोळा? आधी आपल्या घरात पाहा न."

मी गल्लीसमोर सांगितलं, "माह्या घरी मोटर निघाली तर पोलिसात जमा करजो. मलेबी संगं जमा करजो."

यावर लोक हसले. शालिकराम यांनी पोलिसांना फोन लावला. गाडी येईपर्यंत रुपाबाईच्या दोन घागरी आणि एक पातेलं भरलं होतं. मग स्विच मीच वर केला.

माझ्या घरी मोटर नाही. नळ आला की आमच्या भिंतीतून भुंग्यासारखा आवाज येतो, तो पलीकडच्या होस्टेलचा आहे. आमच्या घरी पाणी चांगलं येते, कारण घर गल्लीच्या तोंडाशी आहे. आज मात्र आमचीही धार करंगळीएवढी झाली, असं पत्नी कस्तुराबाई हिनं गाडीत बसताना मला सांगितलं. मी म्हटलं, वाटणी झाली की वाटा लहान होणारच. ती माघारी घरात गेली.

ठाण्यात मला सांगण्यात आलं की पुन्हा डीपीला हात लावणार नाही असा माफीनामा द्या, प्रकरण इथेच मिटवू. मी देणार नाही. पाण्याच्या वेळी लाईन बंद राहील असं मला लिहून द्या, मग मी खुर्ची उचलतो. नाही दिलं तर पुढच्या पाण्याला मी तिथेच बसलेला दिसेन. मग गुन्हा लावा.

हा जबाब प्रेमसिंग यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरला आहे, कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही.

सही करण्याआधी पुढचा मजकूर माझ्या सांगण्यावरून जोडला आहे. मी पेन हातात घेतला तेव्हा ठाण्याच्या दारात कस्तुराबाई उभी होती. ती आजवर या पायरीवर कधी आली नव्हती. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून उंबऱ्यावर पाणी गळत होतं. तिनं पिशवी टेबलावर ठेवली. आत मोटर होती, तोटीचा तुकडा तसाच लागलेला. ती म्हणाली, "आपल्या घरची हाय. आदर्शनं धुण्याच्या दगडाखाली बसवली. मले माईत व्हतं. तुमी शालिकरामच्या नावानं आपलाच भुंगा ऐकत व्हते."

आदर्श हा माझा मुलगा आहे.

प्रेमसिंग वरचं "माझ्या घरी मोटर नाही" हे वाक्य खोडायला लागले. मी त्यांचा हात धरला. ते खोडू नका, त्याच्याखाली हे लिहा. मोटर जमा करून घ्या. पावती कस्तुराबाईच्या नावानं फाडा.