नंदाची अर्धी राहिलेली गोष्ट

शेखरभावजी, आणि ड्यूटी बदलून, दम्मामहून गाड्या काढून आलेल्या सगळ्यांनो,

नंदाबद्दल, त्यांच्या बायकोबद्दल, मी बोलावं, असं भावजींनी सांगितलं. मी हो म्हटलं. रडून झालंय. मला तिच्याबद्दल खरं बोलायचंय, आणि खरं म्हणजे मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, आजही वाटतो. गेलेल्या माणसाचा हेवा करावा का?

इथला प्लांट वाढला, देशातून कुटुंबं आली, तशी मी शुक्रवारी आपल्या मुलांना मराठी शिकवायला लागले. मी मराठीत एम.ए. केलंय. मी मराठीत विचारते, मुलं इंग्रजीत उत्तर देतात आणि घड्याळ बघतात. तीच मुलं, माझी मुग्धासुद्धा, तास संपला की धावत नंदाकडे. कशाला? उडणाऱ्या मुलीची गोष्ट ऐकायला. आणि तिथे प्रश्न विचारायचे ते मराठीत!

ती गोष्टसुद्धा नंदाची नव्हे. वरच्या मजल्यावरच्या लिझाच्या टीव्हीवर तिच्या देशाची, फिलिपिन्सची, एक मालिका लागायची, त्यांच्याकडच्या जुन्या चित्रकथेवरची. गावातली साधी मुलगी एक खडा गिळते आणि आभाळात उडते. गुरुवारी नंदा लिझाकडे ती बघायची. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. लिझा मोडक्या हिंदीत सांगेल तेवढंच. डोक्यावर साप वळवळणाऱ्या खलनायिकेला नंदा कितीतरी दिवस सासू समजत होती.

हसा. तिला आवडलं असतं.

मी म्हटलं, "नंदा, अगं मुलांना असं चुकीचं काय सांगतेस?"

"बाईसाहेब, बरोबर ते तुम्ही शिकवा. माझ्याकडे चुकीचंच खपतं." वर म्हणाली, "खडा गिळून उडता आलं असतं, तर मेसचा भात खाऊन आमचे हे केव्हाच चिपळूणला पोचले असते!"

एकदा तिनं मलाही वर, लिझाकडे, बोलावलं होतं. मी म्हटलं, मला तसलं नाही आवडत. पुन्हा तिनं बोलावलं नाही. का नाही बोलावलं? लिझाला एकदाच विचारून ती थांबली असती का?

नंदाचा देह चिपळूणला घरी पोचवून भावजी परत आले, तेव्हा आपण इथेच भेटायला जमलो होतो. लिझा उठली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. माझ्या मनात आलं, साधं निरोपाचंही बोलली नाही. मग लक्षात आलं, अशा घरातून निघताना आपणही 'येते' म्हणत नाही. म्हणजे हेसुद्धा नंदानं हिला शिकवलं? इतकं जवळचं? मी जळत जिन्यात तिला गाठलं. "ये नंदाने सिखाया?"

"नहीं दीदी," ती म्हणाली. "हमारे यहाँ भी ऐसा है. मय्यत के घर से कोई बाय नहीं बोलता."

मला बरं वाटलं. कसं सांगू किती बरं वाटलं! निदान एवढं तरी नंदानं तिला दिलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचंच होतं.

नंदा गेल्यापासून मुग्धा मराठीत बोललेली नाही. काल पहिल्यांदा बोलली. "आई, ती मुलगी विहिरीत पडली होती. पुढे काय झालं?"

मला माहीत नाही. आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ते फक्त लिझाला.

लिझा, तू मागे बसली आहेस आणि मुग्धा तुझ्या कानात हिंदीत सांगतेय, ते मला दिसतंय. तेसुद्धा मला सहन होत नाहीये. पण उद्या, गुरुवारी, मला तुझ्याकडे यायचंय. आज या घरातून निघताना मी तुला 'येते' म्हणणार नाही. तूही मला 'या' म्हणू नकोस. उद्या मी तुझी बेल वाजवीन.

आणि नंदा, विहिरीतून ती मुलगी बाहेर कशी आली, ते मी मुलांना सांगेन. तुझ्यासारखं येणार नाही. पण डोक्यावर साप असलेली ती बाई सासूच राहील. ते मी बरोबर करणार नाही.

आता उभे राहू या. थोडा वेळ तिच्यासाठी गप्प राहू या. आणि मग तसेच, एकमेकांना काही न म्हणता, जिना उतरू या.