वळखीचा माळ

...न्हाय पर तुमी मला सांगा, माणूस जमीन घेताना काय बघतो? पाणी बघतो, माती बघतो, रस्ता बघतो, गेलाबाजार शेजार तरी बघतो का न्हाय? आन् आमच्या शेजारच्या जोतीराम आबाच्या बापानं, सोनबातात्यानं, आख्खी मेंढरं विकून, बिऱ्हाड घोड्यावरनं खाली उतरवून घेतलं काय? तर वरकुट्याचा माळ! तुमास्नी सांगतो, कुदळ मारली की ठिणगी निघावी असा माळ, कुसळं बी लाजत लाजत उगवायची... आन् तवाच त्याच भावात काटेवाडीला पाटाच्या कडंची काळीभोर जमीन मिळत हुती! तिच्याकडं तात्यानं पाठ फिरवली. त्याच जमिनीत आज आबाचा मेव्हणा युवराज ऊस घेतो, आन् दर दिवाळीला हितं येऊन, चहा फुंकत फुंकत इचारतो, "दाजी, तुमच्या वडलांनी काय बघून घेतला हो ह्यो माळ?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? आबानं सोता बापाला शंभरदा इचारलं आसंल. पोरगा आसताना रडून इचारलं, मिसरूड फुटल्यावर भांडून इचारलं. तात्या आधीच बोलायला महाग. तंबाखू ह्या गालातनं त्या गालात करायचा आन् म्हणायचा, "वळखीचा हाय." झालं! मिटलं! मंजी कुणीतरी वळखीचा माणूस भेटला, गोड बोलला, आन् आपला बाप भिडंला बळी पडून ही दगडं गळ्यात बांधून आला, आबानं आपला ह्यो अर्थ काढला आन् जन्मभर त्या वळखीच्या माणसाला शिव्या घातल्या. नाव ठावं न्हाय, गाव ठावं न्हाय, शिव्या मातूर रोज ताज्या!

त्यात आणखी एक दुखणं. लग्नाकार्यात कुणी इचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?" तर आबा म्हणणार, "वरकुटं." की लगीच फुडचा सवाल, "आन् मूळचं?" मूळचं! काय सांगावं मूळचं? मेंढरामागं फिरणारी माणसं, आज हितं उद्या तितं. आईला इचारलं, "माझा जलम कुठं झाला गं?" तर सारजाआजी म्हणायची, "वाटंवर." "वाटंवर मंजी कुठं?" "वाटंवर मंजी वाटंवर, त्याला काय पाटी आसती व्हय?" तर अशी सगळी गंमत... गंमत म्हणायची आपली, पर आबाला लई लागायचं ते. ज्याला मूळ न्हाय त्याच्या नशिबी मुरूम, असं म्हणायचा.

बरं, यंदा मातूर सुटका दिसाय लागली. पोरगा दीपक बारामती एमआयडीसीत कामाला. वरकुट्यातनं मोटरसायकलवर जायाचं, तसंच यायाचं, पाठीचा पार भुगा झालेला. आन् तेवढ्यात बारामतीचं एक पैसेवालं गिऱ्हाईक, विजयसिंह, आलं, माळाकडं बघून डोळं मिटून म्हणालं, "काय शांतता आहे हो! इथं फार्महाऊस बांधणार." शांतता! आरं बाबा, हितं पाखरू बी उतरत न्हाय, शांतता न्हाय तर काय आसंल? पर आबा एक शब्द बोलला न्हाय, म्हणला कशाला गिऱ्हाईक जागं करा! शब्द झाला. माळ इकायचा, काटेवाडीला युवराजच्या शेजारी जायाचं, दीपकची पाठ वाचवायची. आबा तर शीळ घालत फिराय लागला.

आता जायाचं ठरल्यावर आबाची बायको शकुबाई म्हणली, माझा मोगरा मी संगं नेणार. ह्या खडकात दारापुढं एवढीशी बाग केली हुती बिचारीनं, भांडी धुतल्यालं पाणी घालून घालून. मोगरा मुळासकट काढायला लागलं दोघं, आन् कुदळ... ठण्ण!

काय हाय? तर हातभर लांब, गंजून फुगलेलं, मधी वाकलेलं, एक टोक मोडलेलं लोखंड. आन् वाकल्यालं हाय तितं हिरवी पडलेली तांब्याची तार गुंडाळलेली.

आता मी शेजारी, मला बोलवल्यावर मी काय गप बसणार? मी म्हणलं, आबा, खाली ठेवा, बॉम्ब आसंल! आबा म्हणला, "बॉम्ब आसता तर कुदळीनंच उडालो नसतो व्हय रं शाण्या?" दीपकनं मोबाईलवर फोटू काढला, मोबाईलला इचारलं. मोबाईल म्हणला, सुकलेलं केळं. घ्या! आबा ते पिशवीत घालून इंदापूरला गेला, पाण्याच्या जळल्याल्या मोटारी भरणाऱ्याच्या दुकानात. त्यानं तार बघितली आन् दुसरं काय बघितलंच न्हाय. "आबा, ही मोटर जळलीया. वाइंडिंग करावं लागंल." आरं, मोटर कुठाय! कशाचं वाइंडिंग! तवर ही बातमी विजयसिंहांच्या कानावर. त्यांचा फोन, "आबा, ते भाल्याचं पातं आहे, ऐतिहासिक. फार्महाऊसच्या दारावर लावू. आणि हे बघा, जमिनीत निघालं ते जमिनीबरोबरच येतं बरं का!"

झालं, आबाच्या डोक्यात भुंगा. हे हाय तरी काय? जेवताना शेजारी, निजताना उशाशी. शकुबाई वैतागली, "आवं, त्या लोखंडाला एवढं कशाला कुरवाळताय?"

आन् तुमास्नी सांगतो, सगळ्या दुनियंला इचारलं, पर घरात कोपऱ्याला बसल्याल्या सारजाआजीला कुणी इचारलंच न्हाय! का? तर म्हातारीला दिसत न्हाय. आवं पर हाताला तर कळतंय का न्हाय! आबाच्या उशाची ती पिशवी आवराय घेतली म्हातारीनं, आत हात घातला, आंगठा त्या तारंवर आला... आन् थांबला. "आगं बया," म्हणली, "ही तर आमच्या मामंजींची कातर. मेंढरं कातरायची. मोडाय आलीती म्हणून ही तार मीच गुंडाळलीती. ही कुठं गावली रं?"

आबा म्हणला, "मोगऱ्याखाली."

म्हातारी कातर चाचपत राह्यली. "न्हाय रं, कसं हुईल? हिनं तुझी नाळ कापली. मामंजी म्हणालं, हिनं माणूस मोकळं केलं, आता हिनं मेंढरू कातरायचं न्हाय. नाळंसंगंच पुरली हिला, तितंच, माळावर. मी डोळं मिटून पडलीती. उजाडायच्या आत मला घोड्यावर बसवली आन् मेंढरं फुडं हालली..." आन् मग म्हातारी एकदम बारीक आवाजात म्हणली, "जोत्या... मंजी ह्योच व्हय रं त्यो माळ?"

आबा उठून दाराशी गेला. समोर त्योच मुरूम, तीच कुसळं. आन् तवा त्याच्या ध्यानात आलं हो... तात्या म्हणत हुता "वळखीचा हाय". माणूस न्हवता वळखीचा. माळ हुता वळखीचा! मेंढरं इकल्यावर थांबायचं कुठं, ह्या प्रश्नाला त्या मुक्या माणसानं उत्तर काढलं हुतं, जितं पोराची नाळ पुरलीया तितं. आन् पोरानं काय केलं? जन्मभर शिव्या! त्या कुणा परक्याला म्हणून घातल्या, त्या सगळ्या बापालाच जाऊन बसल्या की. आबा दाराला धरून रडला. साठीचा माणूस, ल्हान पोरागत रडला.

दुसऱ्या दिशी मोगरा हुता तितं लावला. विजयसिंहांना फोन, "भालाबिला काय न्हाय, कातर हाय. आन् माळ इकायचा न्हाय."

"का हो आबा?"

"वळखीचा हाय."

"अच्छा, म्हणजे ओळखीतलं गिऱ्हाईक आलं! किती देतंय ते सांगा, मी वाढवून देतो!"

आबानं फोनच ठिवून दिला.

पर खरी गंमत तर सांजंला झाली. दीपक कामावरनं आला, हेल्मेट काढलं, माळ इकायचा न्हाय म्हणून ऐकलं आन् मटकन् ओट्यावर बसला. म्हणला, "आबा, काय बघून ठेवलाय तुमी ह्यो माळ?"

बघा! सवाल त्योच, फकस्त आता खुर्ची बदलली. पर आबा बापासारखा मुका न्हाय, आबानं सगळं सांगितलं, कातर हातात दिली. दीपकनं सगळं ऐकून घेतलं. कातर उलटीसुलटी केली. मग म्हणला, "आन् आबा, माझी नाळ कुठं हाय?"

आबानं शकुबाईकडं बघितलं. शकुबाईनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीला तर दिसतच न्हाय.

"तू बारामतीच्या दवाखान्यात झालास," शकुबाई हळूच म्हणली. "त्यांनी कुठं टाकली, आमी इचारलं बी न्हाय."

"मंजी माझ्या वळखीचं गाव बारामती," दीपक म्हणला. "मग मी एमआयडीसीजवळ खोलीच बघतो. पाठ तरी वाचंल."

आपलीच कुदळ, आपल्याच पायावर! आबानं कातर फडक्यात गुंडाळली, मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातलं आन् पाठमोराच म्हणला, "जा बाबा. पर खोली घेताना जरा वळखीची बघ."