रिपोर्टच्या आधी

बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या एका लॅबमध्ये माझ्या शेजारी एक आई आणि तिची अकरावीतली मुलगी लघवीच्या तपासणीसाठी बसल्या होत्या.

"प्रणिता, ही बाटली घे आणि आत जा."

"आई, मी गांजाला हातही लावलेला नाही! तो कायदेशीर करा, एवढंच वहीतल्या माझ्या रॅपमध्ये लिहिलंय."

"असलं लिहिणारी पोरगी ओढत नसेल कशावरून?"

"बाबा दर होळीला भांग पितात, ते चालतं?"

"तो सण असतो."

"वा! नेमकं हेच मी जॅझच्या ठेक्यावर बसवलंय. तीन महिने एकेक शब्द घासत होते."

"पुरे. रिपोर्ट चांगला आला, तर देवापुढे साखर ठेवीन."

"आणि माझी वही परत देशील?"

"ती कालच फाडून सुक्या कचऱ्यात टाकली."

"मग आता ही बाटली कशाला भरू?"